बऱ्हाटे सरांचं डिफरन्शियल

गिअर की बॉल, हा प्रश्न खरं तर एकट्या चुडामण बऱ्हाटे सरांचा होता. पण जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांनी गाडी ओट्यावर उघडून ठेवली आणि घरात भाकरी थापून होईपर्यंत तो सगळ्या कॉलनीचा झाला.

सर जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. गाडी म्हणजे हातभर लांब, रिमोटवर पळणारी, शर्यतीची. ती पाहून प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारी, "नातवासाठी का?" सर म्हणत, "नाही. माझी आहे." त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येई ते पाहून सरांना वाटे, आपल्याला एखादं खरंखुरं व्यसन असतं तर लोकांनी जास्त आदरानं चौकशी केली असती.

प्रश्न होता डिफरन्शियलचा. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकांना एकाच मोटरचं बळ देऊनही त्यांना आपापल्या वेगानं फिरू देणारी जी डबी मागच्या आसात असते, ती डिफरन्शियल. हे सर अकरावीच्या मुलांना दोन तासिका आणि चार आकृत्यांत समजावत. शेजारच्या धनसिंग नानांनी ते ओट्याच्या पायरीवर बसल्या बसल्या संपवलं. नाना शिरपूरकडचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी बोटांतलं ग्रीस गेलं नव्हतं.

"जव्हय बैलजोडी वळस, तव्हय आतला बैल जागावर उभा ऱ्हास अन् बाहेरला फिरस," नाना म्हणाले. "बठ्ठं डिफरन्शियल इतलंच शे."

सरांना हे आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

शर्यतीच्या गाडीत हे काम दोन तऱ्हांनी करता येतं. गिअरच्या डिफरन्शियलमध्ये बंद डबीत छोटी दातेरी चक्रं असतात आणि त्यांच्याभोवती मधासारखं दाट सिलिकॉन तेल. चार स्क्रू आवळले की वर्षभर तिकडे बघायला नको. बॉलच्या डिफरन्शियलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या, त्यांच्यामध्ये ज्वारीच्या दाण्याहून लहान असे बारा छर्रे आणि सगळ्यांना दाबून धरणारा एक लांब स्क्रू. हे फिरतं अगदी मऊ. पण दर दोन शर्यतींनी उघडायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं, पुन्हा जुळवायचं. स्क्रू एक अष्टमांश फेरा जास्त आवळला तर आत खरखर होते. एक अष्टमांश सैल राहिला तर चकत्या घसरतात, तापतात आणि जळतात.

हा अष्टमांश फेरा सरांना कधीच सापडला नव्हता. तो शीतलला सापडायचा.

शीतल ही सरांची एकुलती एक मुलगी. आठवीत असताना तिनं पहिल्यांदा ते डिफरन्शियल हातात घेतलं. दोन्ही चाकं बोटांत धरून, डोळे मिटून तिनं ती उलटसुलट फिरवली आणि म्हणाली, "आप्पा, थोडं जास्त झालंय." तेव्हापासून हिशेब सरांचा आणि हात शीतलचा, अशी विभागणी होती. स्क्रू मनासारखा बसला की ती त्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची, म्हणजे तो पुन्हा तपासायला नको. नेलपॉलिशची बाटली हत्यारांच्या डब्यातच असे. नखांना तिनं ते कधी लावलं नाही. गाडीवर असे एकतीस ठिपके होते.

दोन वर्षांपूर्वी शीतलचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. सासरचं औषधांचं दुकान, तिचं शिक्षण एम. एस्सी. केमिस्ट्री. दुकानाला ती इतकी उपयोगी पडू लागली, की माहेरी पाठवणं हळूहळू गैरसोयीचं झालं. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता आलं असतं. गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा खानदेशातल्या साऱ्या लेकी माहेरी येतात, सर स्वतः मुराळी म्हणून तिला आणायला गेले. भाऊ नाही, मग बापच मुराळी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक ठरलं होतं. सर भाड्याच्या गाडीतून एकटेच परतले. दारातल्या कडुलिंबाला बांधलेला झोका सरांच्या पत्नी ज्योत्स्नाबाईंनी चौथ्या दिवशी सोडला.

बापानं लेकीच्या सासरी कारणाशिवाय जाऊ नये, गेलाच तर पाणीही पिऊ नये, ही रीत आता कोणी पाळत नाही. पण तिचं मूळ शिल्लक आहे. कारणाशिवाय गेलं की व्याही हसतमुखानं विचारतात, "काय विशेष?" आणि विशेष काही सांगता येत नाही. सरांकडे वर्षात एकच विशेष होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी धुळ्यात पांझरेच्या काठच्या मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत असे. तिथं शीतल येई. गेल्या वर्षी सत्तावीस मिनिटं आली होती. बॉल डिफरन्शियल असल्यामुळे त्यातली वीस ती गाडीजवळ बसली होती.

म्हणून गिअर की बॉल. गिअर टाकला की उघडायचं काही उरत नाही. हे मात्र सरांनी ओट्यावर कोणाला सांगितलं नाही. त्यांनी फक्त वजन, घर्षण आणि समायोजनक्षमता हे तीन मुद्दे मांडले.

"सर, बॉल आता कोणी वापरत नाही," ललित म्हणाला. ललितची ठिबकची एजन्सी होती आणि गाड्यांच्या आठ जणांच्या मंडळाचा तो अध्यक्ष होता. "आपली माती काळी, धूळ पिठासारखी. ती छर्ऱ्यांत गेली की खल्लास. गिअर टाका, झाकण लावा, विसरून जा."

"विसरायचं नाहीये," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे देखभाल केली पाहिजे."

"बॉल म्हंजे नाजूक काम शे," नाना म्हणाले. "तुमना हातमा ते नही. वाईट वाटी लेवू नका."

सरांनी वाईट वाटून घेतलं. आणि आपल्या हातात ते आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, तो लांब स्क्रू सोडवायला घेतला.

त्या स्क्रूच्या टोकाशी एक स्प्रिंग असते. सर स्प्रिंगचा नियम शिकवतात. ताणलेली किंवा दाबलेली स्प्रिंग किती बळ परत करील याचं सूत्र त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पण ती कोणत्या दिशेनं परत करील याबद्दल सूत्र काही बोलत नाही. बारापैकी नऊ छर्रे ओट्यावर सापडले. उरलेले तीन ज्योत्स्नाबाईंनी शेजारी चादरीवर उन्हात पसरलेल्या चाळीस किलो दादरमध्ये गेले. दादर म्हणजे इकडची रब्बीची ज्वारी, पांढरी आणि टपोरी. छर्रेही पांढरे होते. शीतलनं लग्नाआधी मुद्दाम सिरॅमिकचे मागवले होते, गंजू नयेत म्हणून.

सर सायकलवरून महाविद्यालयात गेले आणि प्रयोगशाळेतला सर्वांत मोठा नालाकृती चुंबक घेऊन आले. चाळीस किलो दादरमधून त्यांनी तो पद्धतशीर, रांगेनं फिरवला. दोन टाचण्या मिळाल्या, एक खिळा मिळाला. सिरॅमिक चुंबकाला चिकटत नाही, हे लक्षात यायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. तोवर बघायला अकरा माणसं जमली होती, त्यांत त्यांचे दोन माजी विद्यार्थी.

"पाण्यात टाका. ज्वारी तरंगेल," एक विद्यार्थी म्हणाला.

"तरंगत नाही," सर म्हणाले. निदान याचं उत्तर त्यांना येत होतं.

त्यानंतरचे चार दिवस ज्योत्स्नाबाईंनी सुपात मूठमूठ दादर घेऊन पाखडली. एक छर्रा सापडला. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता पुरे. मी काही शबरी नाही," आणि पाच किलोचा डबा चक्कीवर पाठवून दिला. कोपऱ्यावरच्या निंबाभाऊची चक्की अख्ख्या कॉलनीची. सर वर्गात वर्तुळाकार गती शिकवत असताना तिचा आवाज बदलला. घरी आले तर निंबाभाऊ दारात उभा होता, भुवयांपर्यंत पांढरा. त्यानं मूठ उघडली.

"सर, हाऊ तुमना शे का?"

छर्ऱ्यावर ओरखडाही नव्हता. सरांना क्षणभर अभिमान वाटला. निंबाभाऊच्या दगडावर मात्र वितीएवढा चरा पडला होता. दगड उतरवून त्याला पुन्हा टाकी लावावी लागणार होती, आणि टाकी लावणारा माणूस अमळनेरला लग्नाला गेला होता. चक्की तीन दिवस बंद राहिली. त्या तीन दिवसांत कॉलनीत पोहे, खिचडी आणि बऱ्हाटे सर याखेरीज विषय नव्हता. दूधवाल्यानंही विचारलं, "सर, तुमची ती गाडी पीठ दळते का?"

सरांनी निंबाभाऊची लेखी माफी मागितली. त्यानं ती वाचून चक्कीच्या दारावर चिकटवली, गिऱ्हाइकांना कारण कळावं म्हणून.

शहाण्या माणसानं इथं गिअर घेतला असता. ज्योत्स्नाबाई तसं म्हणाल्याही. सरांनी बारा नवे छर्रे मागवले.

ते जळगावात आले, पण सरांपर्यंत आले नाहीत. कुरिअरच्या कचेरीतल्या तरुणानं पाकीट यंत्राखालून घालून पडद्यावर बारा ठिपके पाहिले होते.

"सर, यात एअरगनचे छर्रे आहेत."

"ते डिफरन्शियलचे आहेत."

"ते काय असतं?"

सरांनी सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला तरुणाच्या डोळ्यांतला प्रकाश गेला. तो प्रकाश जाताना ओळखण्याचा सरांना मोठा अनुभव होता. मग त्यांनी, पहिल्यांदाच आणि मनाविरुद्ध, बैलजोडीचं सांगितलं.

"असं होय," तरुण म्हणाला. "म्हणजे खेळण्यातल्या गाडीचे. नातवासाठी का?"

"माझी आहे."

तरुणानं पाकीट परत खणात ठेवलं. मोठा माणूस, स्वतःसाठी, छर्रे. त्याला वापराचा दाखला पाहिजे होता, संस्थेच्या लेटरहेडवर. प्राचार्यांनी आधी हा खर्च प्रयोगशाळेच्या अनुदानातून तर नाही ना ते विचारलं, मग चुंबक कोणाच्या परवानगीनं बाहेर गेला ते विचारलं, आणि शेवटी "सदर गोल वस्तू निरुपद्रवी असून शिक्षकही तसेच आहेत" अशा अर्थाचा दाखला दिला. शर्यतीला तेव्हा दोन दिवस उरले होते.

दर बुधवारी शीतलचा फोन येई. शर्यतीच्या आधीच्या बुधवारीही आला होता.

"गाडी कशी आहे, आप्पा?"

"छान आहे."

"बॉलच ना अजून?"

"हो. जमतंय मला."

पलीकडे कोणी तरी दोन पट्ट्या ॲसिडिटीच्या मागितल्या. "येते मी रविवारी," शीतल म्हणाली. "बघू, जेवढं जमेल तेवढं."

शनिवारी सरांनी डिफरन्शियल जुळवलं. बोटांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी स्क्रूच्या आट्यांचं अंतर मोजलं, स्प्रिंगचा स्थिरांक काढला, आणि कागदावर उत्तर आलं तेवढाच स्क्रू फिरवला. डोळे मिटून चाकं फिरवूनही पाहिली. काहीच कळलं नाही. डोळे मिटल्यामुळे फक्त अंधार झाला. नेलपॉलिशची बाटली त्यांनी उघडली नाही. ठिपका देण्याइतकी खात्री नव्हती.

रविवारी ते गाडी बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून धुळ्याच्या बसमध्ये बसले. एरंडोलला कंडक्टरनं खोक्यात डोकावून तो प्रश्न विचारला. पारोळ्यापर्यंत सरांनी उत्तर दिलं नाही.

मैदानावर धूळ ललितनं सांगितल्यासारखीच होती. पहिल्या फेरीत आठ गाड्या सुटल्या. सरांची तिसरं वळण घेऊन चौथ्याला लागली आणि तिच्यातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मोटर जोरात फिरत होती, चाकं विचारपूर्वक. मग जळल्याचा बारीक वास आला आणि गाडी वळणाच्या मधोमध थांबली. बाकीच्या सात तिला वळसा घालून गेल्या, रस्त्यात बसलेल्या गाईला घालतात तसा. उत्तर अष्टमांश फेऱ्यानं चुकलं होतं.

सर गाडी उचलून आणायला गेले, तर तिथं शीतल उभी होती. हिरवी साडी, केसांत गजरा. मागे जावई दीपकराव मोटारीजवळ फोनवर बोलत होते, आणि सासूबाई रुख्माबाई सावलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे चालत निघाल्या होत्या. त्यांना पुढे एका साखरपुड्याला जायचं होतं.

"घसरलं," सर म्हणाले.

"ऐकलं मी. रस्त्यावरूनच ऐकू आलं." तिनं गाडी हातात घेतली, चाकं धरली, आणि डोळे मिटण्याआधीच सोडून दिली. "चकत्या गेल्या, आप्पा."

"तू बघ ना. थोडं जुळवून—"

"यात जुळवण्यासारखं काही राहिलं नाही." मग तिनं पर्समधून एक डबी काढली. "आईनं चक्कीचं सांगितलं मला फोनवर. ते लेटरहेडचंही. म्हटलं तुम्हाला किती त्रास." डबीत नवं कोरं गिअरचं डिफरन्शियल होतं. "तेल मी भरलंय, दुकानातल्या सिरिंजनं, मोजून. आता वर्षभर उघडायला नको. तुम्हाला एकट्याला जमेल."

सर म्हणाले, "छान आहे." मग पुन्हा म्हणाले, "छानच आहे." महिनाभर आपण ज्याच्या विरुद्ध लढलो ते लेकीनं प्रेमानं आणून हातावर ठेवलं होतं.

ती पदर खोचून पुठ्ठ्यावर बसली. शेवटची झाकणपट्टी बसवायच्या आधी तिनं हत्यारांच्या डब्यातली नेलपॉलिशची बाटली घेतली, घट्ट झालेलं झाकण दातांनी उघडलं. सर शेजारी उकिडवे बसून पाने देत होते. कितवा पाना हवा हे तिला सांगावं लागलं नाही. रुख्माबाईही खुर्ची ओढून जवळ आल्या होत्या.

"शिकलेली सून आणली, ती इथं मातीत बसली," त्या म्हणाल्या. पण रागानं नाही. "असू द्या सर, पुढे नातवाला होईल गाडी."

"आखाजीला येऊ का मी?" सरांनी विचारलं. "घ्यायला?"

"बघू. आमच्या लेकीचं, पुनमचं, बाळंतपण आहे इकडे एप्रिलात. घरात बाई लागते. तुमचं तसं काही विशेष आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "विशेष काही नाही."

शीतलचे हात क्षणभर थांबले. मग तिनं झाकणपट्टी बसवली, गाडी सरांच्या हातात दिली आणि उठून साडीची धूळ झटकली. मोटारीचा हॉर्न वाजला. सरांनी घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटं.

दुसऱ्या फेरीत गाडी सुरळीत धावली. आठांत सातवी आली, कारण ललितच्या गाडीची बॅटरी निसटली. "शेवटी आलात ना गिअरवर," ललितनं हात मिळवला. सरांनी मान हलवली. बाटलीतलं जळगावचं पाणी पिऊन ते बसच्या वाटेला लागले.

सोमवारी सकाळी गाडीखालच्या वर्तमानपत्रावर तेलाचा एक थेंब दिसला. मंगळवारी त्याच्या शेजारी दुसरा. सरांनी भिंग घेतलं. डबीला चार स्क्रू होते. तीन स्क्रूंवर लाल ठिपका होता. चौथ्यावर नव्हता. स्क्रूड्रायव्हर हलकेच लावून पाहिला तर तो पाव फेरा सैल होता.

शीतलनं बारा वर्षांत एकही स्क्रू सैल सोडला नव्हता. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं सर दर वर्षी मुलांना सांगत. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि बुधवारची वाट पाहिली.

"तेल गळतंय," ते फोनवर म्हणाले.

पलीकडे कोणी तरी खोकल्याचं औषध मागत होतं. तिनं ते दिलं. मग विचारलं, "किती?"

"दिवसाला एक थेंब."

"दीड मिली भरलंय मी. थेंब वीस मायक्रोलिटरचा धरा."

सरांनी भागाकार केला. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून दिवस मोजले. पंचाहत्तरावा दिवस आखाजीच्या आदल्या दिवशी पडत होता.

"तेल संपलं की उघडावंच लागतं," शीतल म्हणाली. "दुसऱ्या कोणाला ते जमत नाही. इकडे विचारलं, तर तुमच्याकडे सांगायला आता काही तरी आहे, आप्पा." थोडं थांबून ती म्हणाली, "तरी पुनमताईंचं बाळंतपण आहेच. मी काही नक्की म्हणत नाही."

"नाही, नाही," सर म्हणाले. "नक्की कोण म्हणतंय."

फोन ठेवून ते ओट्यावर आले. धनसिंग नाना गाडी उलटी करून बघत बसले होते.

"सर, तुमना हाऊ एक स्क्रू ढिला शे," नाना म्हणाले आणि त्यांचा हात सवयीनं स्क्रूड्रायव्हरकडे गेला. "एक मिनिटनं काम शे. आवळी देऊ?"

"नाना, हात लावू नका."

नानांनी वर पाहिलं. वीस वर्षांच्या शेजारात सर त्यांच्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते.

"अहो, पण गळस ना."

सरांनी गाडी त्यांच्या हातातून घेतली, सरळ करून वर्तमानपत्रावर ठेवली आणि चौथ्या स्क्रूच्या बरोबर खाली एका बाटलीचं झाकण सरकवलं.

"गळू द्या," ते म्हणाले.